आईचा धूर

माझं काम धूर बघायचं. असं सांगितलं की लोक हसतात. आमच्या नाशिक रोडच्या सोसायटीतल्या एक काकू म्हणाल्या, "अगं बाई, त्याचा पगार देतात होय? मग मी तर जन्मभर चुलीपुढे बसून ते काम फुकटच केलं की!" मीही हसले. दुसरं काय करणार? त्यांना उपग्रह समजावत बसले असते तर त्यांची भाजी करपली असती.

तर काम असं आहे. आमचं ऑफिस वर्षभर उपग्रहाच्या चित्रांवरून द्राक्षबागांचे नकाशे करतं. कुठली बाग हिरवीगार आहे, कुठली पिवळी पडायला लागली, ते बागायतदाराला बांधावर न जाता कळतं. पण होळीच्या आगेमागे पश्चिमेचे डोंगर पेटायला लागतात, पेठ, सुरगाणा, हरसूल, थेट गुजरातच्या हद्दीपर्यंत, आणि मग पाऊस येईस्तोवर मी बागांची नसते, धुराची असते. दुपारी उपग्रह आमच्या डोक्यावरून जातो. थोड्या वेळानं त्याचं चित्र पडद्यावर येतं. धूर कुठून निघाला, वाऱ्यानं कुठे ओढून नेला आणि उद्या सकाळी शहराच्या कुठल्या अंगावर तो बसणार, हे मी बघते. संध्याकाळी एक नकाशा आणि खाली दोन ओळी दवाखान्यांना, शाळांना जातात. दम्याच्या माणसांनी सकाळी खिडक्या लावून घ्याव्यात, एवढाच त्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ.

नवीन आलेली पोरं ढगालाच धूर समजतात. ढगाला कडा असते, आणि खाली जमिनीवर त्याची सावली पडलेली दिसते. धूर मळकट निळा असतो, ओल्या फडक्यानं फरशी पुसताना डाग ओढला जावा तसा लांबत गेलेला. आणि त्याला एक निमुळतं टोक असतं. त्या टोकाशी आग. टोक सापडलं की निम्मं काम झालं. मला ते लगेच सापडतं. आमचे साहेब म्हणतात, मॅडमचा डोळा तयार आहे. तयार बियार काही नाही हो, मी त्याच डोंगरातली आहे. कुठल्या सोंडेमागे कुठली दरी आहे हे मला शिकावं लागलं नाही.

पेठच्या बाजूला, सावळघाट चढून गेल्यावर आत, एका सोंडेवर आमचा पाडा आहे. उतारावर भात आणि नागली, आणि वर जंगलात मोहाची झाडं. झाडं जंगलातली असली तरी कुठलं झाड कुठल्या घराचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. वडील गेले तेव्हापासून त्या घरात आई, माझा धाकटा भाऊ आणि भावजय. पण दिवाळी झाली की भाऊ आणि भावजय सायखेड्याकडे द्राक्षबागेत मजुरीला उतरतात, शिमग्याला चार दिवस वर येतात आणि पुन्हा खाली जातात, ते पेरणीपर्यंत. म्हणजे डोंगर पेटायच्या नेमक्या दिवसांत आई घरात एकटी, तिच्या कोंबड्यांबरोबर. भावानं तिला एक साधा फोन घेऊन दिला होता. त्यातलं एक बटण दाबून धरलं की मला लागायचा. बाकी कुणाला लावायचा झाला तर ती शेजारणीकडे जायची. आमची बोली वेगळी आहे, इथं मी ती वाचणाऱ्याला समजेल अशी करून लिहितेय. आई वाचणारी असती तर मला म्हणाली असती, माझ्या तोंडी हे कसलं बोलणं घातलंस?

एका दिवाळीत मी घरी गेले होते. आई सुपात नागली घोळवत होती. मध्येच म्हणाली, "तू नाशकात नेमकं करतीस काय? लोक इचारतात, मला सांगता येत नाय."

"वरून फोटो निघतात, आई. आभाळातून. त्यात धूर शोधते."

"वरून म्हंजे इमानातून?"

"विमानाच्याही लय वर."

तिनं मान वर केली. आभाळात काही नव्हतं. "मग आपला पाडा दिसतो?"

"दिसतो की."

"आन मी?"

मला हसू फुटलं. म्हटलं, अगं, त्या चित्रातला एक ठिपका म्हणजे आपला अख्खा पाडा, शेतं धरून. तू कुठून दिसणार? ती म्हणाली, "फोटू निघतो कधी?" मी म्हटलं, दुपारी, जेवणं उरकली की. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा सूप हलवायला लागली. मी ते विसरून गेले.

पुढचा उन्हाळा लागता लागता एक दिवस ऑफिसात, ऐन कामात, आईचा फोन. एरवी ती दुपारी कधी करत नसे. मी घाईनं उचलला.

"दिसलं का?" ती म्हणाली.

"काय दिसलं?"

"अगं, धूर केलाय ना मी! अंगणात पाला पेटवलाय, जेवले का लगेच. बघ की."

मी इतकी हसले की बाजूच्या टेबलावरची मुलगी वळून बघायला लागली. तिला सांगितलं, तिनं आणखी कुणाला सांगितलं, आणि चहाच्या वेळेपर्यंत सगळं ऑफिस हसत होतं. साहेबांनी तर विचारलं, "आईंना आपल्याकडे घ्यायचं का? फील्ड स्टाफ!" मी फोनवर आईला म्हटलं, आई, एवढ्याशा शेकोटीचा धूर नाही गं दिसत. ती अजिबात हिरमुसली नाही. "बरं, उद्या बघू," म्हणाली.

उद्या तिनं पाल्यात ओल्या डहाळ्या घातल्या. धूर जास्त व्हावा म्हणून. "लय झाला धूर, शेजारीण खोकून खोकून दमली. आता तरी दिसला असंल!" मी पडद्यावर आमचा ठिपका शोधला, मोठा केला. करड्या चौकोनाशेजारी करडा चौकोन. "नाही दिसला," मी म्हटलं. परवा ढीग आणखी वाढला. मग तिचा तो नेमच झाला. रोज नव्हे, पण आठवड्यातून दोनदा-तीनदा दुपारी फोन वाजायचाच, आणि हॅलो नाही की कशी आहेस नाही, एकदम, "दिसलं का?"

नवऱ्याला मी हे रात्रीच्या जेवणाला हसत हसत सांगायची. तो अंबडला कंपनीत आहे, मशीनवर. धुराचं त्याला काही कौतुक नाही. एकदा त्यानं घास हातात धरून विचारलं, "अगं, मग हो म्हणून टाक ना एकदा. दिसलं म्हण. तुझं काय जातंय?"

"वा! धुराच्या बाबतीत मी खोटं बोलायचं? लोक माझ्या भरवशावर खिडक्या लावतात."

"लोकांना कोण सांगतंय? आईला सांग."

मी त्याच्यावर उखडले. तुम्हाला माझ्या कामाची किंमत नाही वगैरे सगळं ऐकवलं. आज वाटतं, देवा, केवढं ते माझं सत्य, आणि कुणाला ऐकवत होते!

त्या उन्हाळ्यात शेजारणीशी एकदा बोलणं झालं. तिनं आईचा फोन मध्येच हातात घेतला आणि म्हणाली, "ताई, तुमी त्या म्हातारीला काय सांगून ठेवलंय? पाला पेटवायच्या आधी तोंड धुती, नवं लुगडं नेसती आन अंगणात बसून ऱ्हाती. फोटू निघायचाय म्हणती. पोरासोरांना सांगती, माझी पोर वरून बघती मला." मागून आईचा आवाज आला, "दे गं फोन! चहाडखोर कुठली!" मी पुन्हा हसले. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर हसू फार वेळ टिकलं नाही. माझ्यापुढे तीन धूर होते, वारा फिरला होता, आणि साहेब दारात उभे होते. मी कामाला लागले.

शिमगा आला. आमच्याकडे दिवाळीपेक्षा शिमगा मोठा. बाहेर मजुरीला गेलेलं माणूस कुठूनही येतं, न येणारा म्हणजे मेलेला तरी नाहीतर तुरुंगात तरी, असं आमच्यात चेष्टेनं म्हणतात. आईनं विचारलं, "येतीस ना?" मी म्हटलं, "आई, हाच तर माझा सीझन. सगळे डोंगर आत्ताच पेटतात." आदल्या वर्षीही हेच म्हटलं होतं. ती म्हणाली, "डोंगर काय, दर वर्साला पेटतात." मी म्हटलं, मग दर वर्षीच सीझन असतो. बोलले आणि फोन ठेवला. नाशिकहून पेठला एसटी आहे हो. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी पोचतं माणूस.

शिमगा झाला, भाऊ-भावजय पुन्हा खाली बागेत गेले, आणि आईचे फोन पुन्हा सुरू झाले. एका दुपारी माझं डोकं फिरलेलं होतं. आदल्या दिवशीचा अंदाज चुकला होता, धूर सातपूरकडे जाईल म्हटलं आणि तो गेला भलतीकडे, आणि त्यावरून मी बोलणी खाल्ली होती. तेवढ्यात फोन. "दिसलं का? आज अंगणात नाय केला, वर मोहाखाली केला, तिथं पाला लय हाय."

"आई, किती वेळा सांगू? शेकोटी नाही दिसत वरून. डोंगर पेटला तरच दिसतं!"

"असं होय," ती म्हणाली. "बरं. कामात असशील. ठेवते."

त्यानंतर थोडे दिवस फोन आला नाही. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

आणि मग ती दुपार. चित्र पडद्यावर आलं आणि माझ्या तोंडून "अहाहा" निघालं. असा धूर मी त्या वर्षात पाहिला नव्हता. ढग एकही नाही, आणि पेठच्या डोंगरातून एक बारीक टोक निघून, पसरत पसरत आग्नेयेला, गिरणारे गाव ओलांडून नाशिकच्या दिशेनं गेलेलं. पुस्तकात छापावं असं. मी त्यावर बाण काढला, कडा आखल्या, संध्याकाळी शहरावर पोचेल असं लिहिलं. साहेबांना हाक मारली. तेही म्हणाले, "क्या बात है! हे जपून ठेवा, लोकांना दाखवायला होईल." आम्ही दोघं त्या चित्रापुढे उभे राहिलो आणि वारा किती सरळ वाहिला असेल याचं कौतुक करत होतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते पेटलेलेसुद्धा साजरेच दिसतात.

साहेब गेल्यावर मी टोक मोठं केलं. ठिकाण नोंदवायचं असतं. नदीचं वळण दिसलं. वळणावरची सोंड दिसली. सोंडेच्या खालचा तो करडा ठिपका मी त्या उन्हाळ्यात इतक्या वेळा बघितला होता की मला खूण शोधावी लागलीच नाही.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. शेजारणीच्या फोनवर तिच्या सुनेनं उचललं. ती धापा टाकत होती. "वर पेटलंय, ताई! मोहाच्या वर सगळं पेटलंय. झाडून सगळे वर गेलेत, डहाळ्यांनी झोडपतायत."

"आई कुठंय?"

"म्हातारीबी वरच हाय. ती आधीपासनंच वर व्हती."

त्यानंतर मी पडद्यासमोर बसून राहिले. माझ्यापाशी आभाळातला डोळा होता आणि त्यात आई दिसत नव्हती. चित्र दुपारचंच, एका क्षणाचं. त्यातला धूर हलत नाही, त्यात माणसं नसतातच. पुढचं चित्र यायला वेळ होता. खिडकीतून पश्चिमेकडे बघितलं तर आकाश जरा गढूळ झालं होतं. मी आखलेल्या बाणाप्रमाणे, अगदी वेळेवर. बाजूच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, काय झालं?" मी रडत होते आणि मला स्वतःचाच इतका राग आला होता की हातातली पेन्सिल मोडली.

पाड्यातल्या माणसांनी अंधार पडायच्या आत आग आटोक्यात आणली. आईला एका जीपमध्ये घालून थेट नाशिकला आणलं. धूर छातीत गेला होता. भाजली फारशी नव्हती, पायाला चटके आणि एका हातावर फोड. सरकारी दवाखान्यात तिला नाकातोंडावर मास्क लावून झोपवलं. केसांना, लुगड्याला, सगळ्याला जळक्या पाल्याचा वास. सायखेड्याहून भाऊ आला, बागेतून तसाच, कपड्यांवर औषधाचे पांढरे डाग. त्याच्या मागोमाग जीपबरोबर आलेली पाड्यातली दोन माणसं.

"मोहाखालचा पाला जाळत होती," ती माणसं म्हणाली. "फुलं येचायची म्हणून. वारा आला." भावानं मान हलवली. सगळ्यांना पटलं, कारण सगळ्या बायका तेच करतात. खाली पाला असला की पडलेली फुलं सापडत नाहीत, म्हणून आधी पाला जाळून जमीन मोकळी करायची. जंगलखात्याची माणसं दर वर्षी येऊन सांगतात जाळू नका, आणि दर वर्षी कुणीतरी जाळतंच. भाऊ चिडून म्हणाला, "पण तुला काय गरज होती, आई? या वयात? मी काय उपाशी ठेवलं होतं का?" तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी कोपऱ्यात उभी होते. मोहाची फुलं पडायला अजून अवकाश होता, हे त्या माणसांना माझ्याहून जास्त कळत होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. फुलायला आलेली ती सगळी झाडं होरपळली होती, नुसती आमची नाही, पाड्याची. तरी ती माणसं तिच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "म्हातारी वाचली, झालं."

सकाळी भाऊ चहा आणायला गेला. आईनं हातानं खूण करून मला जवळ बोलावलं. मास्क खाली ओढला.

"दिसलं का?"

मला वाटलं होतं ती रागावेल, नाहीतर रडेल, नाहीतर तू असं का बोललीस म्हणेल. ती माझ्याकडे तोंड करून वाट बघत होती. शाळेचा निकाल विचारावा तसं.

"दिसलं, आई."

"खरं?"

"खरं. लय मोठा दिसला."

मी मोबाइलवर ते चित्र काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं ते नाकाशी धरलं. "कुठवर गेला?" मी म्हटलं, नाशिकपर्यंत आला. "तुझ्या घरापतुर?" मी म्हटलं, "हो, आई. घरापर्यंत आला." त्या संध्याकाळी गॅलरीतल्या दोरीवरच्या कपड्यांना वास लागला होता, नवऱ्यानं मुलांना आत घेऊन खिडक्या लावल्या होत्या. हे मी तिला सांगितलं नाही. ती हसली. मास्कचे वळ उठलेल्या त्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की माझ्यानं बघवेना. तिनं बोट काचेवर फिरवलं, तसं चित्र सरकून भलतंच काहीतरी आलं, कुणाच्या तरी बागेचा नकाशा. ती त्याच्यावरूनही बोट फिरवत राहिली, "हां, हां," म्हणत राहिली. मी चित्र परत आणून दिलं. तेही तिनं तसंच बघितलं. फोनची सवय नाही तिला, असं मी मनाशी म्हटलं.

"आता बरं झालं," ती म्हणाली आणि मास्क पुन्हा वर चढवला.

दवाखान्यातून सोडल्यावर मी म्हटलं, माझ्याकडे चल. तिनं ऐकलं नाही. तिसरा मजला, बंद दारं, तिथं माझा जीव घुसमटतो म्हणाली. भाऊ तिला सायखेड्याला बागेवरच्या खोलीत घेऊन गेला, आणि पेरणीला सगळे वर गेले. मी हट्ट केला नाही. सीझन चालू होता.

ते चित्र आमच्या ऑफिसात अजून आहे. साहेबांनी ते मोठं छापून काचेत लावलंय, दारातून आत आलं की समोर. पाहुणा आला की ते त्याला उभं करून दाखवतात, हे बघा टोक, हा बाण, किती नेमका अंदाज, आणि आमच्या मॅडमचा डोळा. मी मान डोलावते. एकदा सांगावंसं वाटलं की साहेब, ती माझी आई आहे. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं, आणि त्या पाहुण्याला तर पुढची गाडी गाठायची होती.

आई बरी झाली, म्हणजे होईल तितकी झाली. जिना चढल्यासारखा श्वास लागतो तिला, बसल्या जागी. पण मला लागलं ते दुसरंच. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, तेव्हाही मी गेले नाही, मुलाची परीक्षा होती. भाऊ-भावजय बागेत उतरले, डोंगर वाळले, या वर्षीचा पहिला धूर पडद्यावर आला, आणि माझा फोन दुपारी वाजेना. मी वाट बघायला लागले. जेवणाचा डबा संपवून फोन टेबलावर उताणा ठेवायची. दुपारी कुणाचाही फोन आला की दचकायची. शेवटी एक दिवस मीच लावला.

"आई, दिसलीस आज," मी म्हटलं. "अंगणात बसली होतीस ना? स्पष्ट दिसलीस."



"खोटं नको बोलू," ती म्हणाली. "मी आज भायेर आलीच नाय."

जे खोटं त्या उन्हाळ्यात मी बोलायला हवं होतं, ते आता चालेना. मग तीच म्हणाली, "उगा वरून काय बघत बसतीस? येऊन जा ना."

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. पेठ काय चंद्रावर आहे का?" या वेळी मी उखडले नाही. साहेबांना म्हटलं, मला शिमग्याची रजा हवी. ते म्हणाले, "मॅडम, ऐन सीझनमध्ये?" मी म्हटलं, धूर तुम्ही बघा. एवढ्या वर्षांत त्यांच्याशी मी अशी पहिल्यांदाच बोलले.

भाऊ-भावजय दुसऱ्या दिवशी येणार होते, मी एक दिवस आधी निघाले. सकाळची एसटी, मग पेठहून जीप, मग पायवाट. आईला कळवलं नव्हतं. म्हटलं, अचानक समोर उभी राहते, बघू कशी ओरडते! वर सोंडेवर मोहांचे बुंधे अजून काळे होते आणि त्यांना नवी तांबूस पालवी फुटली होती. मी हातातल्या पिशव्या सावरत अंगणाच्या कडेला पोचले, तेव्हा दुपार झाली होती. ऊन डोक्यावर. आई मांडवाखाली भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर हात ठेवून. तिचं तोंड माझ्याकडेच होतं.

मी थांबले आणि हसले. ती उठेल, "आलीस?" म्हणेल, म्हणून. मध्ये फक्त अंगण होतं, आणि दाणे टिपणाऱ्या कोंबड्या. तिनं मान जरा वाकडी केली. डोळ्यांवर हात धरला. तरी चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"कोण हाय त्ये?" ती म्हणाली. "बोल की. खालच्या पाड्याची हायेस का?"

मी पिशव्या खाली ठेवल्या.

"अशी पुढं ये, बये," आई म्हणाली. "लय दिवस झाले, लांबचं दिसत नाय मला."